यात्रेची गाडी आणि वाढवलेला बाक

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. आषाढीला इथून रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. कार्तिकात मात्र माणसांचा ओघ गावाकडे वाहतो. यात्रा भरते, दहीहंडी होते, आणि तिला येणारे बहुतेक लोक गाडीनं येतात. एमएच २७ अमरावतीची, ३० अकोल्याची, २९ यवतमाळची, ३२ नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्याची. क्रूझर, सुमो, इको, मॅजिक, जुन्या ओम्नी. यातल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या असतात. घेतल्यावर पहिलं काम निघतं ते सीटचं: फाटलेली सीट बदलायची, मागं एक बाक वाढवायचा, भंगारातून दुसऱ्या मॉडेलची चांगली सीट आणून बसवायची.

हे काम गॅरेजच्या दारात एका दुपारी उरकतं. त्याच बाकावर मग म्हातारी आई, लेकुरवाळी सून आणि चार पोरं बसून देवाला जातात. म्हणून सीटबद्दल जे गैरसमज गॅरेजात आणि चहाच्या टपरीवर खरे म्हणून चालतात, ते एकदा नीट तपासायला हवेत.

"गाडी माही हाय. सीट कोन्ती बसवाची ते मी ठरवीन, आरटीओले काय करायचं?"

गाडी तुमची, पण तिची रचना तुमच्या एकट्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. त्या तपशिलात आसनक्षमताही येते, आणि ती आरसीवर छापलेली असते. ‘बदल’ कशाला म्हणायचं हेही कायद्यानंच सांगितलं आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं.

या व्याख्येमुळे बराच गोंधळ संपतो. फाटलेलं रेक्झिन काढून नवं शिवलं, दबलेला फोम बदलला, त्याच मॉडेलची तशीच सीट मूळ जागी मूळ बोल्टांनी बसवली, तर ती दुरुस्ती. पाच सीटच्या इकोमध्ये मागं बाक टाकून ती सात-आठची केली, ओम्नीत गॅसच्या टाकीवर फळी-गादी ठोकली, सामान भरता यावं म्हणून मागची सीट कायमची उपटून टाकली, ऑटोत चालकाच्या शेजारी दीड वीत गादी वाढवली, तर तो बदल. सीट कमी करणंही बदलच आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात ही रेघ आणखी ठळक केली. निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा फेरफार कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि राज्याच्या नियमांच्या आधारानंही तो करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे ‘आरटीओत ओळख आहे, करून घेतो’ या वाक्याला कायद्यात आधार नाही; जे मंजूर करण्याचा अधिकारच त्या अधिकाऱ्याला नाही, ते तो मंजूर कसं करणार? सीएनजी-एलपीजी किटसाठी कायद्यात वेगळी वाट आहे. जास्तीच्या बाकासाठी तशी वाट नाही.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रवासी वाहतुकीच्या व्यावसायिक गाडीत जास्तीच्या बाकावर माणसं बसवली तर कलम १९४अ खाली प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये आणखी, आणि तो प्रवासी उतरवल्याशिवाय गाडी पुढं जाऊ द्यायची नाही, असंही त्यात आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं लावली असेल तर परवान्याचा गुन्हा वेगळा, त्याचा दंड १०,००० रुपये. गाडी हायर-पर्चेसवर असेल तर नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्यात काहीच बदलता येत नाही.

"चार बोल्ट अन् दोन टाके वेल्डिंग मारलं का सीट पक्की. हलवून पाहा!"

सगळ्यात घातक समजूत ही आहे, कारण ती डोळ्यांना पटते. सीट हलवून पाहिली, हलली नाही, म्हणजे पक्की. पण माणसाच्या हाताचा जोर आणि धडकेचा जोर यांची तुलनाच होत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी समोर आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर सरासरी तिच्या वजनाच्या चौदा पट ओढ येते. क्षणभर तर त्याहूनही जास्त. प्रवासी गाड्यांच्या सीट आणि त्या जिथं जमिनीला जोडतात त्या जागा तपासताना वीस पट ओढ धरतात. वीस किलोच्या सीटला म्हणजे चारशे किलो, आणि तेही रिकामी असताना. सीटबेल्टच्या जोडांची परीक्षा याहून कडक असते: तीन ठिकाणी जोडलेल्या बेल्टच्या खांद्याच्या पट्ट्यावर सुमारे १,३५० किलोची ओढ, आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर तेवढीच. एवढं सोसून जोड जागचा सुटता कामा नये. खुंटी कच्ची असेल तर दावं कितीही नवं असलं तरी बैल सुटतोच.

या परीक्षा आपल्याच राज्यातल्या तपासणी संस्थांत होतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. कोणतंही मॉडेल बाजारात येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे अशा मान्य संस्थेकडून त्याचा नमुना तपासून घ्यावा लागतो. तिथं जी गाडी पास होते, ती ठरावीक सीटची, ठरावीक जागी, ठरावीक बोल्टांची. पाच सीटची म्हणून तपासलेल्या गाडीचा मागचा पत्रा सामानाचं वजन उचलायला केलेला असतो. त्याच्याखाली सीटसाठी जाड पट्टी असेलच असं नाही. तिथं भोक पाडून बोल्ट कसला, तर धडकेत बोल्ट तुटत नाही. पत्रा फाटतो आणि बोल्ट पत्र्यासकट वर येतो. वेल्डिंगचं तसंच. पातळ पत्र्यावर मारलेल्या टाक्याच्या कडेला पत्रा कमजोर होतो, टाक्याखाली गंज धरतो, आणि वरून गादी असल्यानं तो कुणाला दिसत नाही.

बोल्टांचंही सांगायला हवं. सीटच्या मूळ बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ती त्याच्या ताकदीची प्रत. मूळ बोल्ट हरवले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचे साधे बोल्ट आणून कसले, तर दिसायला काहीच फरक पडत नाही आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरते.

आता दुसऱ्या मॉडेलची सीट. भंगारातून मोठ्या गाडीची कातडी सीट मिळाली, रूळ जुळत नव्हते म्हणून मधे पट्टी टाकून बसवली. इथं तीन गोष्टी बिघडतात. पहिली, बेल्टचं बक्कल. पुष्कळ गाड्यांत ते जमिनीला नसून सीटच्या सांगाड्याला असतं; सीट बदलली की बक्कल बदललं, आणि जुन्या बेल्टची जीभ त्यात नीट अडकेलच याची खात्री नाही. दुसरी, उंची. सीट दोन-तीन इंच वर गेली की बेल्टचा कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो. तो हाडावर, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या टोकांवर बसायला हवा. मऊ पोटावर बसला तर धडकेत आतडी आणि यकृत दुखावतात. तिसरी गोष्ट बैठकीचा उतार. मूळ सीटचं पुढचं टोक थोडं वर उचललेलं असतं, ते आरामासाठी नव्हे. धडकेत कंबर पुढं सरकून बेल्टखालून निसटू नये म्हणून. ‘एकदम नरम पायजे’ म्हणून मऊ फोम भरला की हाच अडसर जातो.

आणि डोक्यामागची उशी. बाक वाढवताना ती कुणी लावत नाही. मागून ट्रकनं ठोकलं की मान मागं झुकते, तिला अडवायला काहीच नसतं.

"मागं बेल्ट लागतच नाही. मंग काढला तर काय बिघडलं?"

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मोटार पुलाच्या कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महाराष्ट्रभर मागच्या बेल्टची चर्चा झाली, जणू नियम त्या आठवड्यातच जन्मला. नियम आधीपासून होता. नियम १३८(३) म्हणतो की ज्या गाडीत बेल्ट दिलेले आहेत, तिच्यात चालकानं, पुढच्या सीटवरच्यानं आणि पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्यांनी गाडी चालू असताना ते लावले पाहिजेत. न लावल्यास कलम १९४ब खाली १,००० रुपये. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा मुलांच्या खास आसनाविना बसवलं तरी तेवढाच दंड.

‘ज्या गाडीत बेल्ट दिलेले आहेत’ हे शब्द नीट वाचले पाहिजेत. निर्मात्यानं मागं बेल्ट दिलेच नव्हते अशा जुन्या जीपचा मालक ते नसल्याबद्दल दोषी ठरत नाही. पण दिलेले बेल्ट सीट बदलताना कापून टाकले, बाकाखाली दाबून टाकले, तर ती सूट तुम्हाला मिळत नाही. सुरक्षेच्या मानकाचा भंग झालेली गाडी रस्त्यावर चालवल्याबद्दल कलम १९०(२) आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने वाहन चालवण्याचा परवाना जातो.

समोरासमोर तोंड करून बसायचे आडवे बाक काही गाड्यांत कंपनीकडूनच येतात; ते आरसीवर मोजलेले असतील तर कायदेशीर आहेत. पण मागची पुढं तोंडाची सीट काढून तिथं दोन आडवे बाक टाकणं हा सरळ बदल आहे. त्यात माणसं जास्त मावतात, आणि धडकेत ती एकमेकांवर फेकली जातात.

नव्या गाड्यांत सीट ही विजेच्या जाळ्याचाही भाग असते. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि बेल्ट न लावल्यास वाजणारा इशारा बंधनकारक झाला. पुढच्या दोन्ही सीटच्या एअरबॅगचा नियम २०२१ पासून लागू होत गेला. सीटखाली बक्कलची तार असते, काही गाड्यांत माणूस बसला की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो, बेल्ट ओढून घेणारं यंत्रही असतं. सीट काढताना या यंत्रांची पिवळी जोडणी चालू गाडीत उपटली तर एअरबॅगचा दिवा पेटतो. तो पुन्हा विझावा म्हणून काही ठिकाणी दिव्याचीच तार तोडतात. असं करणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचा शत्रू आहे, एवढं स्पष्ट म्हणायला मला संकोच वाटत नाही. बेल्टचा इशारा बंद ठेवायला बक्कलमध्ये खोचायची क्लिपही त्याच जातीची. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या कारवाईनंतर ऑनलाइन बाजारांतून अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या.

"गाडी पास झाली, म्हंजे सीटबी पास झाली"

पासिंग त्या दिवशी दिसलेल्या गाडीचं असतं. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचं आणि त्यानंतर दरवर्षीचं योग्यता प्रमाणपत्र लागतं. खासगी गाडीला साधारणपणे नोंदणीची पंधरा वर्षं भरल्यावर. पासिंगच्या आदल्या दिवशी बाक काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकायचा, ही चाल सगळ्यांना ठाऊक आहे. ते प्रमाणपत्र बाकाला लागू होत नाही. अपघातानंतर पंचनाम्यात जे सापडेल तेच मोजलं जातं.

"इन्शुरन्स हाय ना. झालं काही तर कंपनी देईल"

देईल, पण किती आणि कुणासाठी, हे आरसीवरच्या आकड्यावर ठरतं. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध अंजना श्याम या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढं हाच प्रश्न होता. बसचा विमा ४२ प्रवाशांचा, आणि आत त्याहून कितीतरी जास्त माणसं. न्यायालयानं सांगितलं की विमा कंपनीची जबाबदारी जितक्या प्रवाशांचा विमा उतरवला तितक्यापुरतीच. मग ४२ माणसं निवडायची कोणती? सर्वांत मोठ्या रकमेचे ४२ निवाडे घ्यायचे, त्यांची बेरीज कंपनीनं जमा करायची, आणि ती सगळ्या हकदारांत प्रमाणात वाटायची. उरलेलं मालकाकडून वसूल करायचं.

वऱ्हाडातल्या घराला याचा अर्थ असा: आठ जणांच्या गाडीत चौदा बसले आणि घात झाला, तर जास्तीच्या सहांमुळे नियमात बसलेल्या आठांच्याही वाट्याचं कमी होतं. ज्यानं आईला खिडकीजवळ बेल्ट लावून व्यवस्थित बसवलं, त्याच्याही हातात विम्याचे पूर्ण पैसे पडत नाहीत. बाकीच्यासाठी मालकाच्या मागं लागायचं, आणि मालकाकडं बहुतेकदा तीच एक मोडलेली गाडी असते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा वेगळा. न कळवलेला बदल सर्वेक्षकाला दिसला आणि नुकसानीशी त्याचा संबंध लागला, तर दावा कापला किंवा नाकारला जाऊ शकतो.

"कव्हर अन् कुशन म्हंजे काही बदल नव्हे"

हे खरं आहे, आणि तरी पुरेसं नाही. कव्हरसाठी आरटीओची परवानगी लागत नाही. पण ज्या सीटच्या पाठीच्या कडेत साइड एअरबॅग आहे, तिच्यावर घट्ट शिवलेलं कव्हर टाकलं तर ती बाहेर यायला वाट उरत नाही. सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली दिसली, तर त्या बाजूला उघडी शिवण असलेलंच कव्हर घ्या.

दुसरं म्हणजे आग. गाडीच्या आतल्या कापड-फोमला आग किती वेगानं धरते यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे, आणि कंपनीचं कापड त्यात तपासलेलं असतं. रस्त्यावर किलोनं मिळणाऱ्या फोमचं तसं नसतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या आगीचा दोष सीटच्या कापडावर टाकण्याचा माझा हेतू नाही. उलटलेल्या, धुरानं भरलेल्या गाडीतून बाहेर पडायला किती थोडा वेळ मिळतो, ते त्या रात्री साऱ्या विदर्भानं पाहिलं. फोम घेताना तो आग लवकर न धरणारा आहे का, असं दुकानदाराला विचारा आणि बिलावर लिहून घ्या. मागच्या दारासमोर बाक आडवा टाकलेला असेल तर तो तर आजच काढा.

"आमी फक्त सीट बसवली. पुढचं मालक पाहून घेईन"

मालकाची जबाबदारी सुटत नाही, पण बसवणारा आणि विकणाराही मोकळा नाही. बदललेली, नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तसा बदल करणाऱ्या डीलरला कलम १८२अ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं आहे. गाडी ताब्यात आल्याची सूचना पोर्टलवर दिली की पुढच्या विक्रीपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. म्हणजे त्याच्या अंगणात उभ्या गाडीतला जास्तीचा बाक हा त्याचाच बाक.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८६ म्हणतं की विकणाऱ्यानं वस्तूत फेरफार केला आणि इजा होण्याचं मोठं कारण तो फेरफार असेल, तर भरपाईची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. सदोष सेवेसाठी गॅरेजवालाही जिल्हा ग्राहक आयोगासमोर उभा करता येतो. आणि निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ गॅरेजवाल्याला सूट देत नाही. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग अपंग किंवा लकव्यानं बसलेल्या माणसासाठी बाहेर वळणारी सीट बसवायची असेल तर? इथं कायदा सरळ मदतीला येतो. गाडी अशा माणसासाठी अनुकूल करून घेता येते, आणि आरटीओची मंजुरी काम झाल्यावर घेतली तरी चालते. ती आरसीवर नोंदवून घ्यायची. ही सोय गावाकडं फार कमी लोकांना माहीत आहे. घरातल्या माणसाला उचलून गाडीत ठेवावं लागतं, अशा घरांपर्यंत तरी ती पोहोचायला हवी.

जुनी गाडी घेणाऱ्यानं सौद्याआधी दहा मिनिटं द्यावीत. आरसीवरची आसनक्षमता चालकासकट वाचायची आणि आतल्या जागा मोजायच्या; एम-परिवहन अ‍ॅपवरही नोंद दिसते. पुढं तोंड असलेल्या प्रत्येक जागेचा बेल्ट झटक्यानं ओढून तो अडकतो का पाहायचं. चटई उचलून सीटच्या पायांशी वेल्डिंगचे ताजे टाके किंवा नवी भोकं आहेत का बघायची. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही तर तार तोडली असण्याची शक्यता आहे. सीट बदलावीच लागली तर त्याच मॉडेलची, त्याच बोल्टांवर, बॅटरी काढून ठेवून बसवणाऱ्याकडून, आणि सीट कोणत्या गाडीची आहे हे लिहिलेल्या पक्क्या बिलावर. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, आणि तिथं पहिल्यांदा विचारतात ते बिल.